दहा मिनिटं, काही न करता

"दहा मिनिटं नुसतं पडून राहा," मी सांगते,
"समोरच्या अधिकच्या खुणेकडे बघा.
मुद्दाम काही मनात आणू नका."
तोरगूनबाई हसतात. अंगठी निघत नाही,
साबण लावावा लागतो.
मग केसांतल्या पिना एकेक करून
माझ्या तळहातावर, सात.
एकाहत्तर वर्षांचं डोकं
रिकाम्या हातांनी आत जातं.

बाहेर ट्रोम्सोत दुपारचे तीन आणि रात्र.
नोव्हेंबरात गेलेला सूर्य अजून परतलेला नाही.
यंत्र ठोकू लागतं,
पत्र्यावर हातोडीनं कुणी
जुना हिशोब मांडावा तसं.

काचेच्या अलीकडे माझी कॉफी निवते.
पडद्यावर करडे काप, कोबी चिरल्यासारखे.
विचार दिसतात का, लोक नेहमी विचारतात.
नाही दिसत. रक्त कुठे जरा ताजं झालं,
कुठे ओसरलं, एवढंच.
भरती-ओहोटी मोजून
माशांची नावं सांगायचा धंदा आमचा.

बाहेर येताच त्या म्हणाल्या,
"काही न करता? अख्खी खाडी फिरून आले मी!"
तेहतीस वर्षं टपालाची बोट चालवलेली बाई.
आता धक्क्याची वाट चुकते,
मुलीच्या नावाशी येऊन थांबते,
म्हणून डॉक्टर आस्बर्गनी पाठवलेली.

"हिवाळ्यात घरं दिसत नाहीत गं, खिडक्या दिसतात.
अलीकडच्या काठावर हालवार,
पलीकडे, चार मैलांवर, सिन्नोवे मास्तरीण.
मधे रस्ता नाही.
माझ्या पिशवीत दोघांची नावं
एका पाकिटावर कधी आली नाहीत.
पण सव्वाचारला इथला दिवा लागला की तिथला लागे.
इथला मालवला की तिथला.
अकरा हिवाळे.
एका वर्षी हालवार इस्पितळात होता,
तर तिचा दिवा भलत्याच वेळी जळायचा,
एकदा तर पहाटेपर्यंत.
मी बोलले नाही कुणाला. पोस्टाचा नियम."

मी पिना परत केल्या. विचारलं नाही,
सव्वाचारला तुमची बोट कुठे असायची?
भोंगा कुणाकुणाला ऐकू जायचा?

हिशोब व्हायला रात्र लागते.
सकाळी नकाशा येतो. आधी पांढऱ्या तंतूंचा:
कुठून कुठे दोर गेलेत,
कुठल्या गाठीवर गर्दी,
कुठे थेट दोर नाही
तर निरोप तिसऱ्याच्या घरावरून जातो.
मग दिव्यांचा:
कपाळामागे एक जागा, पार मागे,
दोन्ही अर्धांच्या मधल्या घडीत, दुसरी.
हातात काम असलं की ही मंडळी गप्प.
काही करू नका म्हटलं
की यांची बैठक भरते,
जुनं उगाळत, उद्याचं आखत,
आपण कोण हे पुन्हा पुन्हा एकमेकांना सांगत.

तोरगूनबाईंच्या नकाशात
कपाळामागचं लागतं वेळेवर.
मागचं
आपल्याच लहरीनं.
एका बाईचा एका दुपारचा नकाशा,
त्यावरून काही म्हणू नये, हे मला शिकवलंय.
तरी मी तो दोनदा उघडला.

दुपारी त्या दारात उभ्या.
"सहाच पिना आहेत. सात होत्या."
आकडा चुकला नव्हता. सातवी
माझ्या कोटाच्या खिशात, शिवणीत अडकलेली.
त्यांनी ती तिथेच, आरशाशिवाय, केसांत खोचली.
हात बरोबर जागेवर गेला.

"दिसलं का काही?"
"डॉक्टर सांगतील," मी म्हटलं.
बराच वेळ बघत राहिल्या माझ्याकडे,
पाकीट उजेडासमोर धरून
आत किती कागद आहेत ते बघावं तसं.

"पोस्टाचा नियम," म्हणाल्या,
आणि डावीकडे वळल्या.
लिफ्ट उजवीकडे होती.
मी सोबत निघाले.